कॉफी, तुळशीचा काढा आणि लोहाची गोळी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काकू,

सुनेला सातवा महिना लागलाय असं लिहिलंत, म्हणून काकू म्हणते. कॉफीतल्या फिनोलिक आम्लांवरच्या (झाडं स्वतःच्या बचावासाठी बनवतात त्या एका प्रकारच्या आम्लांवरच्या) माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. कॉफी आणि तुळस एका पंगतीत बसवणं चूक आहे. वनौषधींचे अँटिऑक्सिडंट गुण, म्हणजे पेशींना इजा करणारे रेणू निष्प्रभ करण्याचे गुण, प्रयोगशाळेत सिद्ध झालेले असताना मी शंका घेते. आणि एकूण लेख कॉफीवाल्यांची भलामण करणारा आहे. जाता जाता हेही लिहिलंत की सुनेला लोहाची गोळी तुम्ही रोज तुळशीच्या काढ्याबरोबर देता, ‘दोन्हीची ताकद मिळावी म्हणून’. उत्तर लगेच लिहायला बसले ते या वाक्यामुळे. काकू, गोळी आणि काढा एकत्र देऊ नका.

कारण त्या पंगतीतच आहे. कॉफीत भरपूर असतं ते क्लोरोजेनिक आम्ल, म्हणजे कॅफेइक आम्ल आणि क्विनिक आम्ल यांची जोडी. तुळशीतल्या रोझमरिनिक आम्लातही कॅफेइक आम्लच असतं, फक्त जोडीदार निराळा. (कॅफेइक आम्ल म्हणजे कॅफीन नव्हे, त्याने झोप उडत नाही.) कीड, बुरशी, कडक ऊन यांपासून बचाव म्हणून झाडं असे पदार्थ तयार करतात, मग झाड वृंदावनातलं असो की कूर्गच्या मळ्यातलं. वांग्यातही क्लोरोजेनिक आम्ल भरपूर असतं. चिरलेल्या फोडी काळ्या पडतात त्या त्याच्यामुळेच, म्हणून तर आपण त्या पाण्यात टाकतो.

कॅफेइक आम्लाच्या रेणूवर दोन हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या जोड्या) अगदी शेजारीशेजारी असतात. आवळ्या-हिरड्यातल्या गॅलिक आम्लावर तसे तीन. अँटिऑक्सिडंट म्हणून जे कौतुक होतं ते या गटांमुळे, आणि लोह पकडून ठेवतात तेही हेच गट. तुम्ही हे डोळ्यांनी पाहिलेलं असणार. केसांना लावायची मेंदी आपण लोखंडी कढईत भिजवतो, त्यात आवळ्याची पूड घालतो, कॉफीचं किंवा चहाचं पाणी ओततो. सकाळी कढईच्या कडेला काळाभोर थर धरलेला असतो. लोखंड आणि ही आम्लं एकमेकांना धरून बसल्याचा तो रंग. आवळा आणि कॉफी तिथे एकच काम करतात.

पोटातही असंच होतं. धान्य, भाज्या आणि गोळ्या यांतून येणारं लोह या आम्लांना चिकटलं की आतड्यातून रक्तात कमी जातं. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जेवणाबरोबर कपभर कॉफी घेतल्यावर लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं. जेवणाआधी तासभर घेतलेल्या कॉफीने काही बिघडलं नाही, पण जेवणानंतर तासाभराने घेतली तर जेवणाबरोबर घेतल्याइतकीच घट झाली. १९९९ मध्ये पावाबरोबर वेगवेगळ्या वनस्पतींचे काढे देऊन पाहिले गेले, तेव्हा पेपरमिंटच्या काढ्याने शोषण ८४ टक्क्यांनी खाली आणलं. पेपरमिंट तुळशीच्याच कुळातला, आणि त्यातही रोझमरिनिक आम्ल भरपूर. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. आणि आपल्याकडे जेवण झालं की लगेच चहा. गरोदरपणात तरी हे अंतर पाळायलाच हवं. गोळी लिंबूपाण्याबरोबर द्या. चहा, कॉफी, काढा सगळं तिच्यापासून निदान दोन तास लांब. आणि सातव्या महिन्यात काढा द्यायचा की नाही, हे तिच्या डॉक्टरांना विचारा.

आता प्रयोगशाळेचं. बहुतेक वेळा ती चाचणी अशी असते : डीपीपीएच नावाच्या रसायनाचं गडद जांभळं द्रावण घ्यायचं, त्यात वनस्पतीचा अर्क घालायचा आणि जांभळा रंग किती फिका पडून पिवळा होतो ते मोजायचं. चाचणी खोटी नाही. पण तिथे आतडं नसतं, यकृत नसतं. माणसाने प्यायलेल्या क्लोरोजेनिक आम्लापैकी सुमारे एक तृतीयांश लहान आतड्यात शोषलं जातं. उरलेलं मोठ्या आतड्यातले जिवाणू तोडतात. रक्तात जे पोचतं ते रूप बदलून, आणि फार थोडं. आपल्या रक्तातलं युरिक आम्लसुद्धा अँटिऑक्सिडंट आहे आणि ते याच्या कितीतरी पट असतं. म्हणूनच अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या अँटिऑक्सिडंट आकड्यांची आपली यादी २०१२ साली संकेतस्थळावरून काढून टाकली. जाहिरातदार ते आकडे सर्रास वापरत होते. कॉफी पिणाऱ्यांमध्ये टाइप २ मधुमेह कमी आढळतो, कॅफीन काढलेली कॉफी पिणाऱ्यांमध्येही, त्यामुळे या आम्लांवर संशोधन चालू आहे आणि ते व्हायलाच हवं. पण पाकिटावरचा आकडा म्हणजे औषधाचा गुण नव्हे, या मतावर मी ठाम आहे. तुळशीच्या पाकिटावर तो असला तरीही.

कॉफीवाल्यांची भलामण म्हणाल, तर अरेबिका या कॉफीच्या जातीच्या कच्च्या बीमध्ये वजनाच्या ५ ते ८ टक्के क्लोरोजेनिक आम्ल असतं आणि कडक भाजली की त्यातलं बहुतेक जातं. आपल्या फिल्टर कॉफीत चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड) ४९ टक्क्यांपर्यंत चालते, म्हणजे कॉफी जेमतेम निम्मी. आणि वजन घटवण्याच्या नावाखाली ‘ग्रीन कॉफी’, म्हणजे न भाजलेल्या बियांचा अर्क, ज्याच्या जोरावर खपली, तो २०१२ चा शोधनिबंध अवघ्या १६ जणांवरचा होता. प्रयोग भारतातच झालेला. आकड्यांची खात्री देता येईना, म्हणून लेखकांनी २०१४ मध्ये तो मागे घेतला. अशा व्यापाराचा मला मनापासून राग येतो.

तोच राग गुळवेलीच्या बाबतीतही आला. करोनाच्या काळात मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांना यकृताचा त्रास झाल्याचं तिथल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला, वनस्पतीची ओळख पटवलेली नाही असं म्हटलं. वाद असेल, पण वनस्पतीत असे रेणू असतात जे शरीरात खरोखर काम करतात, हे तुमचंच म्हणणं आहे ना? मग ते नको तिथेही काम करू शकतात हे मानावं लागतं. मात्रा, वेळ, कशाबरोबर घ्यायचं, याबद्दल वैद्यही काटेकोर असतात. त्यांचा तो काटेकोरपणा पाळणं यात आयुर्वेदाचा अपमान कुठे होतो?

तुम्ही स्वतः सकाळी काढा घेता, तो जरूर घ्या. सुनेची गोळी मात्र आजपासून वेगळी करा, आणि तिचं पुढचं हिमोग्लोबिन तपासून झालं की इथेच कळवा. मी वाट बघतेय.