मोगली एरंड : तेल ठीक, पण बी वेचणार कोण?
मोगली एरंडावरचा (म्हणजे जट्रोफावरचा) तुमचा लेख आवडला. पण 'पडीक जमिनीत, बिनपाण्यानं भरघोस तेल' हे २००३ च्या सुमारासही असंच छापून यायचं. तेव्हा नियोजन आयोगाच्या समितीनं बायोडिझेलसाठी याच्या लागवडीची शिफारस केली न् आमच्या यवतमाळकडं धुऱ्याधुऱ्यावर रोपं लागली. झाड जगतं हो, गुरं तोंडही लावत नाहीत. पण जगणं वेगळं न् बी धरणं वेगळं. बरड वावरात मूठभर फळं लागतात. तीही एकदम पिकत नाहीत. एकाच घोसात हिरवं, पिवळं, काळं, सगळं सोबत. म्हणजे पुन्हा पुन्हा हातानं तोडा, अन् तेही सोयाबीनची सवंगणी न् कपाशीच्या वेच्याच्या दिवसांत. मजूर कुठून आणायचे? चिकाचे डाग कपड्यावरून जात नाहीत, ते वेगळंच.

२०१८ मध्ये याच तेलाचं इंधन मिसळून डेहराडूनहून दिल्लीला विमान गेलं, तेव्हा तेलात खोट नाही. संशोधन हवं ते एकदम पिकणाऱ्या वाणावर आणि तेल काढून उरणाऱ्या ढेपेवर. ढेपेत फोरबॉल एस्टर नावाची विषारी द्रव्यं राहतात, त्यामुळं सरकीच्या ढेपेसारखी ती गुरांना घालता येत नाही. खत म्हणूनच वापरायची.

औषधाचं म्हणाल तर चीक जखमेवर लावतात, रक्त थांबतं. पण प्रयोगशाळेत हाच चीक पातळ केल्यावर रक्त गोठायला उलट जास्त वेळ लागलेला दिसलाय. आणि बी विषारी! पोरं गोड लागतं म्हणून खातात न् उलट्या-जुलाबानं दवाखाना गाठतात. त्यावर लेखात एक ओळही नाही?