शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सचिनचा हिशेब

रविवारी संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर नानांनी पुन्हा तेच तुणतुणे लावले, की सचिन स्वतःसाठी खेळायचा. आधी मांडीवर थाप मारायची आणि समोरचा बोलू लागला की आवाज चढवायचा, ही नानांची जुनी रीत. "2012 साली मीरपूरला शंभराव्या शतकापायी 147 चेंडू खाल्ले आणि बांगलादेशला सामना बहाल केला," असे त्यांनी ठणकावून सांगितले.

शिरीष म्हणाला, "नाना, त्या दिवशी आपण 289 धावा केल्या होत्या. तेवढ्या राखता आल्या नाहीत, हा दोष 114 काढणाऱ्याचा कसा? चेन्नईला 1999 साली पाठ धरलेली असताना त्याने पाकिस्तानविरुद्ध 136 काढल्या. तो परतला तेव्हा 17 धावा हव्या होत्या आणि तीन गडी हातात होते. पुढे चार धावांत सगळे आटोपले. त्या पराभवाबद्दल तू आजवर दुसऱ्या कोणाचे नाव घेतले आहेस का?"

मला शिरीषचे म्हणणे मनापासून पटते. सचिनचे प्रशिक्षक आचरेकर सर यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवायचे आणि सचिन बाद झाला नाही तर ते त्याला मिळायचे, ही गोष्ट इथे पोराटोरांनाही पाठ आहे. पण त्या एका नाण्यासाठी भर उन्हात किती घाम गाळावा लागला असेल, याचा विचार न करता, आपल्या डोळ्यांदेखत याच मातीत घडलेला मुलगा इतका पुढे गेला, हेच अनेकांना सलत राहते.

"तू तर बोलूच नकोस," नाना शिरीषवर उसळले. "बँकेतली तुझी बढती वशिल्याची होती."

"परीक्षेला आपण दोघे एकाच बाकावर बसलो होतो, नाना. मी पास झालो, त्या दिवसापासून तू वशिला शोधतो आहेस."

तेवढ्यात बबलूने विचारले, "नाना, 2006 साली इंग्लंडविरुद्ध तो एका धावेवर बाद झाला, तेव्हा वानखेडेवर त्याची हुर्यो उडवली होती ना?"

"उडवली म्हणजे? मी नॉर्थ स्टँडमध्येच होतो!"

"म्हणजे तुम्हीसुद्धा?"

नाना क्षणभर गप्प झाले. "सगळेच ओरडत होते रे," ते पुटपुटले.

"आणि दुसऱ्या डावात सगळा संघ 100 धावांत गारद झाला, त्यात सर्वाधिक 34 त्याच्याच होत्या," शिरीष म्हणाला. "तेव्हा टाळ्या वाजवायला कुठे होतास?"

"तो बुधवार होता. साहेबाने रजा दिली नाही."

यावर सगळा कट्टा हसू लागला आणि शेवटी नानांनाही हसू आवरेना.