‘एमएसडब्ल्यूला रिसर्चचा पेपर कशाला?’ या मजकुराला मुद्देसूद उत्तर

डिझर्टेशन (पदवीसाठीचा संशोधन प्रबंध) जमा करायची तारीख जवळ आली की एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांमध्ये एक मजकूर फिरायला लागतो. शब्द इकडेतिकडे होतात, आशय तोच राहतो: समाजकार्य हे माणसांत राहून करायचं काम आहे, फिल्डवर्क केलं की समाज कळतोच. संशोधन म्हणजे शेवटी शंभर फॉर्म भरायचे. प्रश्नावली कुठूनही तयार मिळते, बाकीचं एसपीएसएस (आकडेवारीचा संगणक प्रोग्रॅम) करतं. आकडे जमत नसतील तर गुणात्मक अभ्यास (आकड्यांऐवजी मुलाखती-चर्चांवरचा) घ्या, तो सोपा. आणि आता एआय आलंय, तेव्हा हा पेपर अभ्यासक्रमातून काढूनच टाका.

लिहिणाऱ्याचा वैताग खोटा नाही. ‘संशोधनाची व्याख्या सांगून वैशिष्ट्ये स्पष्ट करा’ छापाचे प्रश्न पाठ करून कोणाचंच भलं झालेलं नाही. पण त्या वैतागातून काढलेले निष्कर्ष एकेक करून तपासले तर टिकत नाहीत.

‘फिल्डवर्क केलं की समाज कळतो’

फिल्डवर्कमध्ये भेटतात ती संस्थेच्या दारापर्यंत पोचलेली माणसं. पोलीस ठाण्यातल्या महिला साहाय्य कक्षाचंच घ्या. टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी 1984 मध्ये सुरू केलेल्या या कामात आज अनेक विद्यार्थ्यांचं फिल्डवर्क असतं. वर्षभरात चाळीसेक बायकांच्या केसेस हाताळलेली विद्यार्थिनी अहवालात लिहिते, ‘घरगुती हिंसेच्या बहुतांश घटनांत नवऱ्याचं दारूचं व्यसन आढळतं.’ ते त्या चाळीस जणींबद्दल खरं असेल. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम 14 टक्के जणींनी कोणाकडे तरी मदत मागितल्याचं दिसलं. सातांतल्या सहा जणींनी माहेरी किंवा शेजारीसुद्धा मदत मागितली नाही, मग पोलीस ठाणं दूरच. त्या सहा जणींच्या घरातही दारूच आहे, की पैसा, की संशय, हे कक्षात बसून कळायला मार्ग नाही.

गडचिरोलीचं उदाहरण वर्गात नेहमी सांगितलं जातं, पण प्रेरणा म्हणून. पद्धत म्हणून क्वचितच. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला अभ्यास दोन गावांतल्या 650 स्त्रियांचा होता. दवाखान्यात येणाऱ्या बायका मोजण्याऐवजी त्यांनी गाव धरून तपासणी केली. 92 टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग निघाला आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के होत्या. केवळ ओपीडीचं रजिस्टर चाळलं असतं तर हे दुखणं गावात जवळजवळ नाहीच असं वाटलं असतं. पुढे नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग झाला (1999 मध्ये प्रसिद्ध), तेव्हा 39 गावांत काम आणि 47 गावांत फक्त नोंद अशी मांडणी होती. नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला हे ठामपणे म्हणता आलं ते या 47 गावांच्या जोरावर. ती नसती तर ‘त्या वर्षांत साथच आली नाही’ असं कोणीही म्हणू शकलं असतं. आपल्या बहुतेक प्रकल्पांच्या मूल्यमापनात ही दुसरी गावं नसतात.

‘शंभर फॉर्म भरले की झालं’

शंभर का? व्हायवात (तोंडी परीक्षेत) हा प्रश्न आला की उत्तर येतं, ‘गाईडनी सांगितलं.’ खरं तर शंभराला आधार देता येतो, फक्त त्याची किंमत माहीत हवी. समजा वस्तीत 1200 कुटुंबं आहेत. 95 टक्के विश्वासपातळी आणि अधिक-उणे 5 टक्के चूक चालेल असं धरलं, तर सूत्राने 384 येतात आणि कुटुंबांची संख्या मर्यादित असल्याने ते 291 वर उतरतात. दहा टक्के घरं बंद मिळतील असं गृहीत धरून यादीतून 323 निवडावी लागतील. एक मुलाखत चाळीस मिनिटांची, दिवसाला पाच. एकट्या विद्यार्थ्याला हे झेपणार नाही. मग चूक अधिक-उणे 10 टक्के मान्य करायची: 89 मुलाखती लागतात, बंद घरांसकट 99. हे झाले आपले शंभर! पण मग ‘60 टक्के कुटुंबं कर्जात आहेत’ याचा अर्थ ‘50 ते 70 च्या मध्ये कुठेतरी’ एवढाच होतो, आणि दोन गल्ल्यांतला आठ टक्क्यांचा फरक निष्कर्षात मिरवता येत नाही.

हा सगळा हिशेब चिठ्ठी टाकून निवडलेल्या नमुन्याचा. ओळखीच्या अंगणवाडीताईंनी नेलेल्या शंभर घरांना तो लागू नाही, हजार घरांना नेलं तरी नाही. अमेरिकेत 1936 च्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ने वीस लाखांहून अधिक मतपत्रिका गोळा केल्या आणि रूझवेल्टविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार म्हणून सांगितलं, रूझवेल्ट प्रचंड मताधिक्याने निवडून आले. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून, शिवाय पत्रिका परत पाठवणारे थोडेच. आजचं गूगल फॉर्मचं सर्वेक्षण याच जातीचं: ज्याच्याकडे फोन, डेटा आणि सवड, तोच बोलतो.

म्हणून सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो यादीला. ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घरांची नोंदवही) घरपट्टीसाठी असतो. गावाबाहेर पालं टाकून राहणारे, वीटभट्टीवरचे, भाडेकरू त्यात बहुधा नसतात. मतदारयादीत अठरा वर्षांखालचे नाहीत, आणि लग्न होऊन गेलेल्या मुली कित्येकदा तशाच राहतात. अंगणवाडीचं सर्वेक्षण रजिस्टर त्यातल्या त्यात ताजं, पण ते लहान मुलं आणि गरोदर-स्तनदा माता यांच्या बाजूने चोख असतं. दोन याद्या जुळवा, मग एक दिवस फिरून हाताने नकाशा काढा आणि सुटलेली घरं भरा. बीडच्या गावात डिसेंबरात सर्वेक्षण करणार असाल तर उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली जोडपी ऊसतोडीला फडावर गेलेली असतात. गावात भेटतात म्हातारी माणसं आणि मागे ठेवलेली पोरं. तिथे ‘स्थलांतराचं प्रमाण’ मोजणं म्हणजे रिकाम्या घरांच्या कुलपांना प्रश्न विचारणं.

कुलूप दिसलं की शेजारच्या घरात जायचं, ही सवय सर्वत्र आहे आणि तीच सगळ्यात नडते. कुलूप असतं ते नवरा-बायको दोघंही कामाला जातात अशा घराला. शेजारी भेटते ती घरी असणारी बाई. असे वीस बदल केले की ‘स्त्रियांचा रोजगारातला सहभाग’ आपोआप कमी निघतो. नियम साधा ठेवा: तीन खेपा, त्यातली एक सकाळी सातच्या आत, एक संध्याकाळी सातनंतर. तरीही घर बंद असेल तर तसं नोंदवा आणि एकूण किती घरं बंद मिळाली ते अहवालात छापा.

‘प्रश्नावली कुठूनही तयार मिळते’

‘तुम्हाला रेशन वेळेवर आणि पूर्ण मिळतं का?’ हा प्रश्न अशा तयार प्रश्नावल्यांत हमखास भेटतो. यात दोन प्रश्न आहेत, आणि ‘पूर्ण’ म्हणजे किती हे बाईला माहीत आहे असं गृहीत आहे. अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, अंत्योदय कार्डाला 35 किलो. म्हणून क्रमाने विचारा: कार्ड कोणतं (दाखवायला सांगा), कार्डावर नावं किती, गेल्या महिन्यात धान्य घेतलं का, किती किलो, पावती दिली का. पाच नावांच्या प्राधान्य कार्डाला 22 किलो मिळालं असेल तर तीन किलोची तूट तुम्ही मोजता. ‘पूर्ण मिळतं का’ विचारलं असतं तर ती बाई ‘हो, मिळतं की’ म्हणाली असती.

‘मासिक उत्पन्न किती?’ हाही असाच. रोजंदारीवरच्या माणसाला महिन्याचं उत्पन्न नसतं. गेल्या सात दिवसांत किती दिवस काम मिळालं आणि हजेरी किती पडली, एवढं विचारलं की नीट आकडा येतो.

‘तुमच्या घरात हिंसा होते का?’ याला तर बहुतेक जणी नाहीच म्हणतात, कारण थोबाडीत मारणं म्हणजे हिंसा असं त्यांनी कधी म्हटलेलंच नसतं. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कृती एकेक करून विचारतात: थोबाडीत मारली का, हात पिरगाळला का, केस ओढले का, ढकललं का. एका घरात एकाच स्त्रीला विचारतात आणि सासू किंवा नवरा ऐकण्याच्या अंतरावर आला की हा भाग थांबवतात. दुसऱ्या सुनेलाही विचारलं तर घरात काय विचारलं गेलं ते फुटतं, आणि आपण गेल्यानंतर मार तिला बसतो.

भाषांतरित मोजपट्ट्यांचं आणखी वेगळं. ‘नैराश्य’ हा शब्द खेड्यात बोलला जात नाही; ‘मन लागत नाही’, ‘जीव घाबरा होतो’, ‘काही गोड लागत नाही’ असं बोललं जातं. दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते उलट फिरवायचं, आणि मग पाच-सहा जणींना उत्तर न विचारता ‘यातून तुम्हाला काय कळलं?’ एवढंच विचारायचं. मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या कुटुंबांत दुभाषा लागतोच, पण आशाताईंच्या सेवेबद्दल विचारताना आशाताईंनाच दुभाषा करू नये. (हे प्रत्यक्षात होतं, म्हणून लिहावं लागतंय.)

‘बाकीचं एसपीएसएस करतं’

साठ उत्तरं भरली. पाच जणींचं वय कळलं नाही, म्हणून 99 हा कोड टाकला आणि तो ‘मिसिंग’ (उत्तर मिळालेलं नाही) आहे हे प्रोग्रॅमला सांगायचं राहिलं. उरलेल्या 55 जणींचं सरासरी वय 34, पण पडद्यावर येतं 39.4. प्रोग्रॅमने चूक केलेली नाही. पाच जणी नव्व्याण्णव वर्षांच्या आहेत असं आपणच सांगितलं होतं. तक्ता काढण्याआधी प्रत्येक चलाचं (वय, शिक्षण अशा मोजलेल्या गोष्टीचं) किमान आणि कमाल मूल्य पाहा, ही दहा मिनिटांची सवय अर्धे अपघात टाळते.

दुसरा नेहमीचा घोळ काय-वर्गाचा, म्हणजे दोन गोष्टींचा संबंध आहे का ते पाहणाऱ्या चाचणीचा. शिक्षणाचे पाच गट, उत्तरं तीन, म्हणजे चौकटी पंधरा. साठ जणी वाटल्या तर चौकटीमागे सरासरी चार. अपेक्षित संख्या पाचाच्या खाली असलेल्या चौकटी इतक्या असतील तर त्या चाचणीवर विसंबता येत नाही. तक्त्याखाली बारीक अक्षरात तसं छापूनही येतं, आणि ती ओळ कापून तक्ता डिझर्टेशनमध्ये चिकटवला जातो. गट एकत्र करा, नाहीतर नुसत्या टक्केवारीवर थांबा. दहा पार्श्वभूमीची चलं आणि आठ प्रश्न यांचे ऐंशी तक्ते काढले, तर प्रत्यक्षात काहीही संबंध नसताना चारेक ‘सिग्निफिकंट’ (नुसता योगायोग नव्हे असे) निघतील. तेच चार निष्कर्षाच्या चॅप्टरमध्ये येतात!

‘गुणात्मक अभ्यास सोपा असतो’

एका तासाचं रेकॉर्डिंग शब्दशः उतरवायला पाच-सहा तास जातात, बोली वेगळी असेल तर जास्त. पंधरा मुलाखती म्हणजे ऐंशीएक तास, कोडिंग (मजकुराला विषयवार खुणा लावणं) त्यानंतर. हे टाळायला थेट इंग्रजीत सारांश लिहिला जातो आणि बाईचे शब्द तिथेच हरवतात. उतरवणी बोलीतच ठेवा. भाषांतर फक्त उद्धृतांचं.

गटचर्चेला सहा ते आठ जणी पुरतात, पण सरपंचांची पत्नी त्यात असेल तर पाणीपुरवठ्यावर बाकीच्या गप्प बसतील. गप्प बसल्या म्हणजे सहमत झाल्या असं उतरवून घेऊ नका.

आणि इथेच एक कायदेशीर खड्डा आहे. मुलांशी बोलताना संमतीपत्रकात ‘तू सांगितलेलं सगळं गुप्त राहील’ असं सर्रास लिहिलं जातं. हे वचन पाळता येत नाही. पोक्सो कायद्याच्या (2012) कलम 19 प्रमाणे मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळलेल्या कोणालाही ती पोलिसांना द्यावी लागते. न देणं कलम 21 खाली गुन्हा आहे. विद्यार्थी म्हणून सूट नाही. पत्रकात साध्या शब्दांत लिहा: ‘तुला किंवा दुसऱ्या मुलाला कोणी इजा करत असेल, तर ते मला मोठ्या माणसांना सांगावं लागेल.’ पालकांची संमती आणि मुलाचा होकार दोन्ही वेगवेगळे घ्या. मूल बोललं तर त्या दिवशी गाईडला कोण कळवणार, 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन कोण करणार, हे मुलाखतीआधी ठरलेलं असावं.

‘आता एआय आहे’

आहे. प्रश्नांचा पहिला खर्डा करून देतं, कोडिंगला हात लावतं, आणि अस्तित्वात नसलेले संदर्भही तितक्याच आत्मविश्वासाने देतं. बंद घरापाशी तिसऱ्यांदा मात्र आपल्यालाच जावं लागतं. मुलाखतीची उतरवणी नाव-गावासकट त्यात चिकटवली तर संमतीपत्रक तिथेच मोडलं.

राहिला वैताग. पेपर रटाळ शिकवला जातो ही तक्रार मान्य, आणि उपाय महागडा नाही. काल्पनिक वस्तीतल्या 120 घरांची यादी करा, प्रत्येकासमोर कर्जाचा आकडा. पहिली काही घरं गावठाणातली, कर्ज कमी. शेवटची वस्तीच्या टोकाची, कर्ज जास्त. प्रत्येक विद्यार्थ्याने चिठ्ठ्या टाकून बारा घरं काढायची आणि सरासरी फळ्यावर लिहायची. मग तेच चाळीस घरांचं. पसारा कसा आकसतो ते डोळ्यांना दिसतं, सूत्र त्यानंतर लिहा. शेवटी सगळ्यांना यादीतली पहिली चाळीस घरं घ्यायला सांगा. सगळ्यांची सरासरी एकच येईल, आणि खऱ्या आकड्यापेक्षा चांगलीच खाली. ती फळ्यावर तशीच राहू द्या आणि विचारा, डिझर्टेशनचे तुमचे शंभर फॉर्म यातल्या कोणत्या पद्धतीने भरले होते?