उतरत्या भाजणीचे फोन

गणपती विसर्जन झालं की माझ्या नवऱ्याला नव्या फोनचे डोहाळे लागतात. तिकडे अमेरिकेत कुणीतरी रंगमंचावर येऊन फोन हवेत धरतो आणि इकडे ठाण्यातल्या पाचपाखाडीत आमचा फोन रातोरात म्हातारा होतो. आदल्या संध्याकाळी त्यावर अख्खी मॅच बघून झालेली असते. सकाळी चहाचा कप खाली ठेवत नवरा हळूच म्हणतो, "हल्ली हा जरा हँग होतो, नाही?"

या घरात पूर्वजांचे माझ्यावर उपकार आहेत, कारण हा मुहूर्त बरेचदा पितृपक्षाच्या आसपास येतो. २०२५ ला तर बघण्यासारखं झालं. नवा आयफोन ९ सप्टेंबरला जाहीर, १९ ला दुकानात आणि सर्वपित्री अमावास्या २१ ला. नवरा आयफोनवाला नाही, पण ते आले की बाकीच्यांचे भाव हलतात म्हणून पंचांगाइतकाच बारकाईने तो हे बघतो. "पक्षपंधरवड्यात घरात नवी वस्तू नाही," सासूबाईंनी जाहीर केलं आणि विषय मिटला. पण २२ ला घटस्थापना आणि नेमके त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर! नवऱ्याने पेपर माझ्यासमोर धरला. मी वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीचे हिशेब बघते. मला पेपर दाखवू नये. एसी २८ टक्क्यांवरून १८ वर आला होता. मोबाइल २०२० पासून १८ वर होता, तो तिथेच राहिला. "मग एसी घेऊ या का?" मी विचारलं. त्याने पेपर घडी घालून ठेवला.

आता मूळ अडचण सांगते. आमच्या घरी फोन विकत घेतला जात नाही, तो वरून खाली उतरतो. नवा येतो नवऱ्याला. त्याचा जुना मला. माझा सासूबाईंना. सासूबाईंचा अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना. अण्णांचा कपाटातल्या त्या खणात, जिथे गेल्या वीस वर्षांतले सगळे फोन आपापल्या चार्जरसकट झोपलेत. लेक पुण्याला नोकरी करतो, त्यामुळे तो या रांगेतून सुटला.

म्हणजे नवऱ्याने एक फोन घेतला की घरातली चार माणसं एकदम घर बदलतात. कुणाचे फोटो गेले, कुणाचे नंबर दोनदा आले, कुणाच्या बँकेचं अॅप म्हणतंय की तुम्ही तुम्हीच आहात हे आधी सिद्ध करा. ही हमाली माझी, कारण नवऱ्याला नव्या फोनचा कॅमेरा तपासायचा असतो. सासूबाईंच्या भजनी मंडळाचा ग्रुप, माहेरचा ग्रुप, शिक्षिका असतानाचा ग्रुप आणि 'शिक्षिका (उषाताई सोडून)' असा आणखी एक ग्रुप. बॅकअपमध्ये शेवटचा गायब झाला तेव्हा घरात दोन दिवस सुतक होतं. अण्णांच्या अंगठ्याच्या रेषा वयाने झिजल्यात, तो कुठल्याच फोनला पटत नाही. मग पिन. तो अण्णा कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून ठेवतात आणि कुणाला कळू नये म्हणून उलटा लिहितात.

नवऱ्याचं म्हणणं, दर दोन वर्षांनी बदलावा. त्याच्याकडे हिशेब आहे. साठ हजारांचा फोन दोन वर्षांनी एक्स्चेंजला दिला तर बावीस येतात, म्हणजे अडतीस हजारांत दोन वर्षं, दिवसाला बावन्न रुपये. पाच वर्षं वापरला तर हातात पाच हजारसुद्धा येत नाहीत. मी म्हटलं, पाच हजार धरू, तरी दिवसाला तीसच पडतात. आणि घरात एक्स्चेंजला फोन जातो कुठे? तो माझ्याकडे येतो. तुझे बावीस हजार म्हणजे मी. यावर तो म्हणाला, "नो कॉस्ट ईएमआय आहे." हे वाक्य आमच्याकडे वाद संपवायला वापरतात.

एरवी मी अडून बसले नसते. पण काळ बदललाय, हे नवऱ्याच्या पचनी पडत नाही. पूर्वी अँड्रॉइड फोनला दोन-तीन वर्षं अपडेट मिळायचे, पुढे तुमचं नशीब. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला सात वर्षं कबूल केली, सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस २४ ला तेवढीच. सात वर्षं म्हणजे बारशाला घेतलेला फोन मुंजीपर्यंत चालायला हवा. आमचा दुसऱ्या वर्षी आजारी पडतो, तोही सप्टेंबरातच.

"कंपन्या मुद्दाम स्लो करतात गं." हा त्याचा हुकमाचा एक्का आणि तो अगदीच खोटा नाही. जुन्या बॅटरीचे आयफोन आपण अपडेटमधून हळू केले, असं अॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं. बॅटरी थकली की फोन अचानक बंद पडू नये म्हणून, असं त्यांचं म्हणणं. ग्राहकांना ते सांगितलं नाही म्हणून २०२० मध्ये फ्रान्सने अडीच कोटी युरो दंड केला. पण या गोष्टीचं तात्पर्य नवरा सोयीने विसरतो. ज्यांनी बॅटरी बदलून घेतली त्यांचे फोन पुन्हा पळायला लागले. लिथियम-आयन बॅटरीचं आयुष्यच मोजून दिलेलं असतं. अॅपलच सांगतं की आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या पाचशे पूर्ण चार्जनंतर मूळच्या ऐंशी टक्के उरतील अशा बनवल्यात, १५ पासून पुढे हजार चार्जनंतर. म्हणजे म्हातारी बॅटरी होते आणि खणात जातो अख्खा फोन.

गेल्या वर्षी त्याचा फोन चार्जच होईना. वायर बदलली, प्लग बदलला, बेडरूममधला सॉकेट बदलला. मग चेहऱ्यावरचा आनंद लपवत तो म्हणाला, "गेला बहुतेक." मी त्याला धरून गोखले रोडवरच्या एका गाळ्यात नेलं. गाळा एवढा की गिऱ्हाईक फुटपाथवर उभं राहतं आणि फोन फक्त आत जातो. कारागीर पोरगेला होता, डोळ्याला भिंग. त्याने फोन उलटा धरला, चार्जिंग पॉइंटमध्ये टाचणी घातली आणि हळूहळू एक करड्या रंगाची गादी बाहेर काढली. नवऱ्याच्या पँटच्या खिशातला दोन वर्षांचा कापूस. वायर लावली. टुंग!

"साहेब, खिसा झाडत जा," पोरगा म्हणाला. "बॅटरी टाकून घ्या वाटलं तर. बोर्ड एक नंबर आहे."

टाचणीचे पैसेसुद्धा घेतले नाहीत त्याने. तलावपाळीपर्यंत नवरा बोलला नाही. राम मारुती रोडला वळताना मात्र म्हणाला, "पण कॅमेरा जुनाच आहे ना."

घड्याळाची गोष्ट वेगळी. ते खाली उतरत नाही. सासूबाईंच्या दोन्ही मनगटांवर बांगड्या, अण्णांकडे स्वतःचं एचएमटी आणि मला मनगटावर कुणी थरथरलेलं खपत नाही. त्यामुळे स्मार्टवॉच नवऱ्याचं ते नवऱ्याचंच आणि त्यातही त्याला दर दोन वर्षांनी नवं हवं, कारण नवं काहीतरी मोजतं. आधी पावलं मोजायचं, मग झोप, मग रक्तातला ऑक्सिजन. रात्री नीट झोप लागली की नाही हे तो सकाळी उठून मनगटाला विचारतो आणि आकडा वाईट आला तर दिवसभर जांभया देतो.

पावलांचं तर सांगूच नका. रोजची दहा हजार झालीच पाहिजेत. हा आकडा कुठल्या डॉक्टरने दिलेला नाही. जपानमध्ये १९६५ साली पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, ते याच आकड्याच्या नावावर. गोल आकडा, जाहिरातीला बरा. हे मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो जेवणानंतर हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होता. आठशे कमी पडत होती. घोडबंदर रोडवरून रिक्षाने आलं की मात्र खड्ड्यांच्या कृपेने बसल्या जागी पावलं जमा होतात. आरतीला टाळ्या वाजवल्या तरी होतात. एकदा घड्याळ चुकून माझ्या हातावर राहिलं आणि मी पुरणपोळ्या लाटायला घेतल्या. घड्याळाच्या हिशेबाने मी त्या दिवशी चालत येऊरचा डोंगर गाठला.

त्याच घड्याळाने नवऱ्याला एकदा सकाळच्या फास्ट लोकलमध्ये, कुर्ल्याच्या आसपास, संदेश दिला: बराच वेळ बसलात, आता जरा उभे राहा. ठाण्याला चढल्यापासून तो एका पायावर उभा होता. दुसरा पाय कुठे आहे हे त्याला दादरला कळलं.

अण्णा या सगळ्याकडे फार कुतूहलाने बघतात. त्यांचं एचएमटी पहिल्या पगारातलं. बेंगळुरूच्या कारखान्यात १९६१ पासून ही घड्याळं बनायला लागली आणि सरकारने २०१६ मध्ये घड्याळांची ती कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. कंपनी गेली, अण्णांचं घड्याळ चालू आहे. मधूनमधून ते चरईतल्या घड्याळजीकडे तेलपाण्याला जातं, बस. परवा नवरा त्यांना कौतुकाने सांगत होता, "अण्णा, पहिलं अॅपल वॉच २०१५ ला आलं, तेव्हा बॅटरी अठरा तास चालेल म्हणायचे. २०२४ पर्यंत साध्या मॉडेलला अठराच. २०२५ मध्ये चोवीस केले!"

"चोवीस?" अण्णा म्हणाले. "माझं किल्ली दिली की त्याहून जास्त चालतं."

आणि घड्याळ बदललं की ते एकटं येत नाही. अॅपलचं घड्याळ आयफोनशिवाय सुरू होत नाही. सॅमसंगची २०२१ पासूनची घड्याळं आयफोनला जोडता येत नाहीत. नव्या घड्याळाला जुना फोन चालत नाही, नव्या फोनवर जुनं घड्याळ शोभत नाही. आधी कोण बदलायचं यावर नवऱ्याने दोन्हीकडून युक्तिवाद करून झालाय आणि दोन्ही वेळा तोच जिंकलाय.

माझा नियम एकच आणि तो मी हिशेबाची बाई म्हणून केलाय. कॅमेऱ्याला ओरखडा, रंगाचा कंटाळा, शेजारच्यांकडे काय आलं, यातलं काही धरायचं नाही. सेटिंग्जमध्ये जायचं, सुरक्षा अपडेटची शेवटची तारीख बघायची. कंपनीने अपडेट थांबवले असतील तर त्या फोनवर बँक आणि यूपीआय ठेवायचं नाही. बाकी फोन जोवर बोलतो आणि ऐकतो तोवर चालवायचा. व्हॉट्सअॅपही जुन्या सिस्टिम सोडत जातं. २०२५ च्या सुरुवातीला त्यांनी अँड्रॉइडच्या किटकॅट नावाच्या जुन्या आवृत्तीला निरोप दिला.

यंदा नवरात्राच्या आधी नवऱ्याने माझाच नियम माझ्यावर उलटवला. माझा फोन घेतला, तारीख काढली आणि विजयी मुद्रेने समोर धरली. अपडेट कधीच थांबले होते. "बघ! तुला फोन हवाय. म्हणजे माझा तुला. म्हणजे मला नवा." तर्क बिनतोड होता. मी हो म्हणणारच होते. पण हिशेबाची सवय वाईट; एक खातं तपासलं की पुढचंही तपासावंसं वाटतं. मी सासूबाईंचा फोन मागितला.

तो माझ्याहून जुना, हे उघडच होतं. त्यावर सासूबाई जांभळी नाक्याच्या भाजीवाल्याला, फुलवालीला आणि भजनी मंडळाच्या वर्गणीला पैसे पाठवत होत्या. वीजबिल भरलं नाही तर आज रात्री लाइट कापू, असे मेसेज ज्यांना सगळ्यात जास्त येतात आणि जे ते शेवटपर्यंत वाचतात, त्यांच्याच हातात आमच्या उतरत्या भाजणीने सगळ्यात उघडा-बोडका फोन दिला होता. मी म्हटलं, "नियमच लावायचा तर नवा फोन आईंना."

नवऱ्याने हसून आईकडे बघितलं. त्याची खात्री होती. आई नको म्हणणार, मला हाच बरा कळतो म्हणणार.

"जांभळा मिळतो का रे?" सासूबाईंनी विचारलं.

मिळत होता. दसऱ्याला आला. आपट्याची पानं ठेवून पूजाही झाली. कॅमेरा असा की भोंडल्याच्या फोटोत उषाताईंच्या चेहऱ्यावरचा राग वेगळा दिसतो. नवऱ्याचा फोन माझ्याकडे आला नाही, कारण त्याला बदल्यात काही मिळालं नाही. त्याने गोखले रोडला जाऊन निमूटपणे नवी बॅटरी टाकून घेतली. माझी बँक तेवढी मी ऑफिसच्या फोनवर हलवली आणि पुढचा नंबर माझा, असं कालनिर्णयवर सरळ लिहून ठेवलं. नव्या फोनची हमाली या वेळी नवऱ्याकडे आहे. मोठी अक्षरं, ग्रुप, उषाताई सोडून असलेला ग्रुप, सगळं त्याने लावून दिलं.

परवा जेवताना सासूबाईंनी पेपर उघडला. पानभर दिवाळी सेलची जाहिरात होती. चष्मा वर करून त्यांनी विचारलं, "तू म्हणतोस ना रे, दर दोन वर्षांनी बदलावा?"

नवऱ्याने घास खाली ठेवला. "आई, हा सात वर्षं चालतो," तो म्हणाला. "आणि दोन वर्षांत बदललास तर दिवसाला किती पडतात माहितेय?"