थुंकीची टेस्ट, मेंदूतली चिप आणि वरणातली पावडर

पोळ्याच्या आधीपासून आपल्याकडच्या बचत गटांच्या आणि सोयऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. थोडक्यात तो असा: "अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केले! दारू हा जीनचा दोष आहे. बाप पीत असेल तर मुलगा पिणारच. थुंकीच्या डीएनए टेस्टने दहा वर्षांच्या पोराचेही भविष्य कळते. मेंदूतले डोपामिन एकदा बिघडले की सुधारत नाही, म्हणून समुपदेशन आणि गोळ्या फालतू. लवकरच मेंदूत चिप बसवून एका दिवसात दारू सुटणार. तोवर आमची आयुर्वेदिक पावडर वरणात मिसळा, पेशंटला कळूही देऊ नका, आणि तीन दिवस खोलीत बंद ठेवा." खाली मोबाईल नंबर आणि हात जोडल्याचं चित्र.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावी माझं औषधांचं दुकान आहे. बाजाराच्या दिवशी बाया हा मजकूर मोबाईलवर दाखवतात आणि विचारतात, "भाऊ, हे पावडर तुमच्याकडं भेटन का?" त्यांना काउंटरवर दोन मिनिटांत जे सांगता येत नाही, ते इथे सविस्तर लिहितो. मजकुरातल्या काही गोष्टींत खऱ्याचा अंश आहे, आणि घोटाळा तिथेच होतो.

"बाप पीत असेल तर मुलगा पिणारच."

आनुवंशिकतेचा वाटा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दारूच्या व्यसनाच्या बाबतीत तो साधारण निम्मा निघतो. हा निम्मा वाटा माणसामाणसांतल्या फरकाचा असतो. पिणाऱ्याची निम्मी मुलं पिणार, असा त्याचा हिशेब नाही. यावर जुना पण फार बोलका अभ्यास डेन्मार्कमधला आहे, १९७३ सालचा. गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहानपणीच दत्तक गेलेली मुलं शोधली. जन्मदात्या आईबापांपैकी कोणाला दारूचं व्यसन होतं अशी ५५ मुलं, आणि तसं नव्हतं अशी ७८. मोठेपणी पहिल्या गटातले १८ टक्के व्यसनी झाले, दुसऱ्यातले ५ टक्के. म्हणजे धोका तिपटीहून जास्त, यात शंका नाही. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू अशी की रक्तातून धोका घेऊन आलेल्या दर शंभरातले ८२ व्यसनी झालेच नाहीत. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ती बाजू वगळली, कारण त्यावर पावडर खपत नाही.

जपानचं उदाहरण तर याहून पुढचं आहे. दारू पोटात गेली की शरीर तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी रसायन करतं आणि मग एक एन्झाइम ते निस्तरतं. पूर्व आशियातल्या एक तृतीयांशाहून जास्त लोकांत या एन्झाइमचा जीन जन्मतः कमजोर असतो. दोन घोट घेतले की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, मळमळतं. व्यसनापासून वाचवणारा याच्याइतका जोरदार जीन क्वचितच सापडेल. जपानमधल्या व्यसनी रुग्णांत असा जीन असलेले १९७९ मध्ये अवघे २.५ टक्के होते. १९८६ मध्ये ते ८ टक्के झाले आणि १९९२ मध्ये १३ टक्के. तेरा वर्षांत कुठल्या देशाचे जीन बदलत नाहीत. बदललं ते राहणीमान, पिण्याची रीत, ऑफिस सुटल्यावर साहेबासोबत बसण्याची सक्ती. एवढी पक्की ढालही भोवतालच्या रेट्यापुढे पातळ पडत गेली.

मग आपल्याकडे ज्या गावात पोळ्याच्या करीला, पंचायतीच्या निवडणुकीला आणि कापसाचा चुकारा हाती आल्यावर बाटली आलीच पाहिजे, तिथे पोराच्या पिण्याचं खापर एकट्या रक्तावर फोडायचं? याच मजकुराला शेपूट जोडून काही शहाणे "अमुक समाजाच्या रक्तातच मोहाची आहे" असंही लिहितात. मोहाची फुलं वेचणारे गोंड-कोलाम असोत की परमिट रूममध्ये बसणारे ठेकेदार, जातीजमातीवर असा शिक्का मारायला विज्ञानात काही आधार नाही. तो शिक्का मारणाऱ्याची सोय तेवढी त्यात होते.

"थुंकीच्या टेस्टने पोराचे भविष्य कळते."

व्यसनाचा एक जीन नाही. २०२३ मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांचा जनुकीय डेटा एकत्र करून एक मोठा अभ्यास झाला. त्यात सर्वच व्यसनांच्या धोक्याशी जोडलेल्या डीएनएमधल्या १९ जागा सापडल्या, प्रत्येकीचा वाटा कणभर. शिवाय त्यातले बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे. त्यावरून बेतलेलं गणित वणी-पांढरकवड्याच्या पोराला लावलं तर उत्तर आणखीच भोंगळ येणार.

तरी अशी टेस्ट बाजारात आली आहे, हे खरं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२३ मध्ये एका टेस्टला मंजुरी दिली. ती १५ जनुकीय खुणा तपासते, फक्त प्रौढांसाठी आहे, आणि विषय आहे ओपिऑइड म्हणजे अफूसारख्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाचा धोका. दारूशी तिचा संबंध नाही, दहा वर्षांच्या पोराशी तर नाहीच. मजा म्हणजे त्याच प्रशासनाच्या सल्लागार समितीने आदल्या वर्षी ११ विरुद्ध २ मतांनी तिच्या विरोधात कौल दिला होता. मंजुरीनंतरही ती मागे घ्यावी अशी मागणी जाणकारांनी केली. आपल्याकडे असली टेस्ट आली तर तिचा पहिला वापर दवाखान्यात होणार नाही, सोयरीक जुळवताना होईल, ही माझी खरी धास्ती आहे.

जनुकशास्त्राचा उपयोग भविष्य सांगण्यापेक्षा कोणाला कोणतं औषध लागू पडेल हे ठरवायला जास्त होईल, आणि तिथेही वाट खाचखळग्यांचीच आहे. नाल्ट्रेक्सोन हे दारूची ओढ कमी करणारं औषध. एका विशिष्ट जीनच्या लोकांना ते जास्त लागू पडतं असं आधीच्या काही अभ्यासांत दिसलं होतं. मुद्दाम तेच तपासायला घेतलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तो फरक दिसला नाही. तंबाखूत मात्र आशेला जागा आहे. निकोटीन शरीरात किती वेगाने निपटलं जातं ते बरंचसं एका जीनवर ठरतं. १,२४६ सिगारेट ओढणाऱ्यांवरच्या अभ्यासात, हाही २०१५ चाच, असं दिसलं की ज्यांचं निकोटीन नेहमीच्या वेगाने निपटतं त्यांना व्हॅरेनिक्लिन ही गोळी अंगाला चिकटवायच्या निकोटीनच्या पट्टीपेक्षा सरस ठरली. ज्यांचं हळू निपटतं त्यांना दोन्ही सारखीच लागू पडली, पण गोळीचा त्रास जास्त झाला. उद्या खर्रा सोडवताना असं मोजून औषध देता आलं तर विदर्भाइतकी गरज दुसरीकडे कुठे असेल? पण तो अभ्यास सिगारेटचा होता, पन्नीत घोटलेल्या खर्ऱ्याचा नव्हे. गालात तासभर धरलेला सुपारी-तंबाखू-चुन्याचा तोबरा हे वेगळंच प्रकरण आहे.

"डोपामिन एकदा बिघडले की सुधारत नाही."

डोपामिनला सगळे मजेचं रसायन म्हणतात. माकडांवरच्या प्रयोगांत दिसलं ते थोडं वेगळं: रस मिळाल्यावर उसळणारं डोपामिन काही दिवसांनी रस येणार असल्याची नुसती खूण दिसताच उसळू लागतं. पानठेल्यावर गिऱ्हाईक उभं राहतं, ठेलेवाला पन्नी हातात घेऊन घोटायला लागतो, आणि त्या चरचर आवाजानेच याच्या तोंडाला पाणी सुटतं. खर्रा अजून तोंडात गेलेलाही नसतो. एकवीस दिवस व्यसनमुक्ती केंद्रात राहून कोरडा आलेला माणूस बस स्टँडवर उतरल्या उतरल्या का घसरतो, ते यावरून समजतं. केंद्रात त्या खुणाच नव्हत्या.

खुणा बदलल्या की काय होतं, याचं उदाहरण व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचं. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी बहुतेक जण घरी परतल्यावर पुन्हा व्यसनात अडकले नाहीत. संशोधक ली रॉबिन्स यांनी सत्तरच्या दशकात हे नोंदवलं तेव्हा अनेकांना ते पटेना. दारू सोडल्यावर आकसलेला मेंदू काही महिन्यांत अंशतः भरून येतो, हेही स्कॅनमध्ये दिसलेलं आहे. पूर्ववत होतोच असं नाही. पण "सुधारत नाही" हे सरळ खोटं.

"चिप बसवून एका दिवसात."

मेंदूत तार घालून व्यसनावर उपचार करण्याचे प्रयोग मोजक्या रुग्णांवर चालू आहेत, तेही बाकी सगळे उपाय थकल्यावर. डोक्याबाहेरून चुंबकीय लहरी देण्याच्या एका यंत्राला अमेरिकेत २०२० मध्ये सिगारेट सोडवण्यासाठी मान्यता मिळाली. त्याला अनेक बैठका लागतात. मधुमेह-लठ्ठपणाचं सेमाग्लुटाइड दारूची ओढ कमी करतं असं २०२५ मध्ये एका चाचणीत दिसलं, माणसं होती ४८. आशा धरावी, पण बैल विकून बसू नये.

"पावडर वरणात मिसळा, तीन दिवस खोलीत बंद ठेवा."

हे वाक्य जीव घेऊ शकतं. बाकी मजकूर नुसता चुकीचा आहे, हा भाग घातक आहे.

आधी पावडर. अशा पुडीत काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नसतं. दारूविरोधी औषधांत सगळ्यात जुनं डायसल्फिराम, आणि तेच त्या पुडीत असू शकतं. बऱ्याच जपानी लोकांत जे एन्झाइम जन्मतः कमजोर असतं, तेच हे औषध बंद पाडतं. डेन्मार्कच्या हाल्ड आणि याकोब्सेन या संशोधकांनी ते आधी स्वतःवरच घेऊन पाहिलं होतं आणि नंतर दारू प्यायल्यावर त्यांची वाईट गत झाली. १९४८ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. डॉक्टर हे औषध रुग्णाला सांगून, त्याची संमती घेऊन, हृदय-यकृत पाहून देतात, कारण शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत दारू घेतली तरी बीपी कोसळू शकतो. नकळत वरणातून गेलेल्या माणसाला हे ठाऊकच नसतं. तो संध्याकाळी नेहमीसारखा पव्वा घेतो, आणि रात्री दवाखान्यात नेल्यावर घरची बाई घाबरून पावडरीचं सांगत नाही.

आता ते तीन दिवस. दारू मेंदूला मंद करते, आणि रोजच्या पिणाऱ्याचा मेंदू तोल राखायला कायम जास्त उत्तेजित राहायला शिकलेला असतो. दारू एकदम तोडली की ते उत्तेजन मोकाट सुटतं. काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भिंतीवर किडे दिसणं, घरची माणसं न ओळखणं, ताप, भ्रम. आपल्याकडे याला "बाहेरचं" समजून झाडफूक करणाऱ्याकडे नेतात. फॉरवर्डने कोंडून ठेवायला सांगितलेले तीन दिवस नेमके हेच आहेत. सगळ्यांना असं होत नाही, पण ज्याला पूर्वी फिट आली आहे किंवा सकाळी उठताच घ्यावी लागते, त्याची दारू घरी एकदम तोडू नये. दवाखान्यात यावर ठरावीक गोळ्या उतरत्या मात्रेत देतात आणि थायमिन म्हणजे बी-१ चं इंजेक्शन देतात. अशक्तपणा आला म्हणून गावात आधी ग्लुकोजची बाटली चढवायची घाई असते. अशा रुग्णाला थायमिन ग्लुकोजच्या आधी मिळायला हवं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

"समुपदेशन आणि गोळ्या फालतू."

चमत्कारी नाहीत, एवढंच खरं. चाचण्या एकत्र करून २०१४ मध्ये काढलेला हिशेब असा: अकॅम्प्रोसेट हे दारू सोडलेल्यांना देण्याचं औषध १२ जणांना दिलं तर त्यातला एक जण, जो एरवी पुन्हा प्याला असता, तो पिण्यापासून वाचतो. नाल्ट्रेक्सोनमुळे १२ मागे एकाचं बेसुमार पिणं टळतं. ऐकायला थोडं वाटतं, पण रोजच्या वापरातली कितीतरी औषधं याहून जास्त काही करत नाहीत. आपल्याकडे अडचण दुसरीच आहे. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ माणसांपैकी एकालाच कुठलाही उपचार मिळाल्याचं आढळलं. माझ्या दुकानात मी नाल्ट्रेक्सोन मागवून ठेवलं, तर पाकिटं मुदत संपून परत जातात. चिठ्ठीच येत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी असूनही २०१६ मध्ये 'मुक्तिपथ' या दारू-तंबाखूविरोधी मोहिमेला गावोगावी काम सुरू करावं लागलं, कारण दुकान बंद केल्याने आधीच्या पिणाऱ्याची ओढ बंद होत नाही.

जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. यवतमाळ, अकोला, नागपूर, सेवाग्राम इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांतही आहे. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्याची टेलि-मानस १४४१६, दोन्ही फुकट. जाताना तो रोज किती पितो, शेवटची कधी घेतली, आधी कधी फिट आली होती का, आणि घरच्यांनी कुठली पावडर दिली असेल तर ती पुडी, एवढं सोबत न्या. पावडरीचं सांगितलं म्हणून डॉक्टर रागावले तर रागावू द्या.