डकोटा, लकोटा आणि नकोटा साहित्य त्यांच्याच लेखकांकडून वाचावे

बाहेरचे जग ज्यांना ‘सू’ या एकाच नावाने ओळखते, त्या उत्तर अमेरिकेतील डकोटा, लकोटा आणि नकोटा या मूलनिवासी लोकांविषयी मराठी वाचकाला जी काही माहिती असते, ती बहुधा पाश्चात्त्य चित्रपटांतून किंवा बाहेरच्या माणसांनी लिहिलेल्या पुस्तकांतून आलेली असते. या लोकांची स्वतःची लेखनपरंपरा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. तिचा प्रसार करायचा असेल, तर सुरुवात त्यांच्या लेखकांपासूनच व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

१९३२ या एकाच वर्षाचे उदाहरण घेऊ. त्या वर्षी लकोटा साधुपुरुष ब्लॅक एल्क यांचे कथन कवी जॉन नायहार्ट यांच्या इंग्रजी शब्दांत प्रसिद्ध झाले आणि पुढे जगभर गाजले. त्याच वर्षी एला डेलोरिया यांचा ‘डकोटा टेक्स्ट्स’ हा चौसष्ट कथांचा संग्रहही आला. यांक्टन डकोटा कुळात जन्मलेल्या आणि स्टँडिंग रॉक या राखीव प्रदेशात लकोटा बोलत वाढलेल्या या विदुषीने आपल्या माणसांकडून ऐकलेल्या कथा मूळ भाषेत लिहून काढल्या होत्या आणि त्यांचे इंग्रजी भाषांतरही स्वतःच केले होते. तरीही तो संग्रह प्रामुख्याने भाषाशास्त्रज्ञांच्या कपाटात राहिला. नायहार्ट यांच्या पुस्तकाचे मोल मी नाकारत नाही. पण निवेदन, भाषा आणि भाषांतर या तिन्ही गोष्टी जिथे त्या समाजाच्याच हाती होत्या, ते पुस्तक मागे पडले, याची खंत वाटते.

डेलोरिया यांच्या ‘वॉटरलिली’ या कादंबरीच्या वाट्याला तर याहून मोठी प्रतीक्षा आली. १९४०च्या दशकात लिहिलेली ही कादंबरी १९८८ साली छापली गेली, तेव्हा लेखिकेला जाऊन सतरा वर्षे झाली होती. एका डकोटा स्त्रीचे आयुष्य सांगताना डेलोरिया नात्यांच्या जबाबदाऱ्यांची सारी व्यवस्था उलगडतात. कुणाशी कसे बोलावे, कुणाचा मान कसा राखावा, कोणत्या नात्यात थट्टा चालते आणि कोणत्या नात्यात मौन पाळावे, हे त्यात कथेच्याच ओघात येते. मानववंशशास्त्राचा पुरावा म्हणून ही कादंबरी वाचणे मला अन्यायाचे वाटते. ती आधी कादंबरी म्हणूनच वाचली पाहिजे.

त्यांच्याआधी यांक्टन डकोटा लेखिका झिटकाला-शा यांनी १९०० साली निवासी शाळेतील आपल्या बालपणाचे अनुभव एका प्रतिष्ठित अमेरिकी मासिकात लिहिले होते. आपल्या काळात लकोटा कवयित्री लेली लाँग सोल्जर यांनी अमेरिकी सरकारने मूलनिवासींची माफी मागणाऱ्या २००९ सालच्या माफीनाम्याची कायदेशीर भाषाच उचलून तिला कवितेतून उत्तर दिले आहे. या दोघींमधले शतकभराचे अंतर पाहिले की ही परंपरा अखंड वाहत आली आहे, हे पटते.

ही परंपरा पुढे नेण्याच्या कामासाठी ‘ओक लेक रायटर्स सोसायटी’ ही अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातील या समाजांच्या लेखकांची संस्था मला सर्वांत आदर्श वाटते. क्रो क्रीक या राखीव प्रदेशातील लेखिका एलिझाबेथ कुक-लिन यांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा होता. अमेरिकी सरकारने पश्चिमेकडचा प्रदेश धुंडाळायला पाठवलेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेची द्विशताब्दी साजरी होत असताना या लेखकांनी २००६ साली एक संग्रह काढला आणि त्या मोहिमेचा अर्थ मिसुरी नदीच्या काठी आधीपासून राहणाऱ्यांच्या बाजूने मांडला. परंपरेचे जतन म्हणजे केवळ जुन्या कथा सांभाळणे नव्हे, तर आजच्या सार्वजनिक चर्चेत आपला शब्द ठामपणे उच्चारणेही होय, हे त्यांनी दाखवून दिले.

मराठीत या साहित्याची भाषांतरे व्हावीत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मात्र कोणते पुस्तक निवडायचे, हे या लेखकांना आणि त्यांच्या संस्थांना विचारून ठरावे, प्रस्तावनाही शक्यतो त्यांच्यापैकीच कुणाची असावी आणि विधी किंवा पवित्र गीतांचा जो भाग ते समाजाबाहेर नेऊ इच्छित नाहीत, तो आपण बाहेर आणू नये. पहिल्या भाषांतरासाठी मी ‘वॉटरलिली’चे नाव सुचवीन. नात्यांच्या बारकाव्यांसाठी स्वतंत्र शब्द असलेल्या मराठीत ती इंग्रजीपेक्षाही मोकळेपणाने उतरेल, असे मला वाटते.