रुवाच्या मुलांना आधी कुणी विचारलं, आणि कसं?

झिम्बाब्वेतल्या रुवा गावच्या एरियल शाळेतली मुलं ‘आम्ही यान उतरलेलं बघितलं’ असं सांगतात, तो जुना व्हिडिओ आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर परत फिरतोय. खाली नेहमीचाच वाद. निम्मे म्हणतात, परग्रहावरचे लोक आलेच होते, एवढी मुलं खोटं कशाला बोलतील? निम्मे म्हणतात, पोरंच ती, एकानं थाप मारली आणि बाकीच्यांनी री ओढली. मला दोन्ही बाजूंचा राग आला, म्हणून इथं सविस्तर लिहिते. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवते. मुलं काय सांगतात ते ऐकून घेणं हे माझं रोजचं काम आहे, आणि या सगळ्या प्रकरणात नेमकं तेच धड झालेलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १६ सप्टेंबर १९९४, शुक्रवार. झिम्बाब्वेची राजधानी हरारे, तिच्याजवळचं हे रुवा गाव. सकाळची मधली सुट्टी, शिक्षक आत मीटिंगला, मुलं मैदानावर. मैदान संपतं तिथून पुढे झुडपं आणि वाढलेलं गवत, तिकडे जायला मुलांना मनाई. तिथं काहीतरी चांदीसारखं चकाकणारं उतरलं, आणि काळ्या कपड्यातलं, मोठाल्या डोळ्यांचं, माणसासारखं कुणीतरी दिसलं, असं ६ ते १२ वर्षांच्या ६२ मुलांनी सांगितलं. लहान मुलं घाबरून रडायला लागली. बाहेर मोठं माणूस एकच, खाऊचं दुकान सांभाळणारी एका मुलाची आई. मुलं धावत तिच्याकडे गेली. ती दुकान सोडून बघायला गेली नाही. सुट्टी संपल्यावर शिक्षकांनीही फारसं मनावर घेतलं नाही. मुलांनी घरी सांगितलं, पालक शाळेत विचारायला आले, तेव्हा कुठं हालचाल सुरू झाली.

आता तारखा बघा, माझा सगळा जीव या तारखांत अडकलाय. शुक्रवारी घडलं. शनिवार-रविवार मुलं घरी, शेजारी, मामाकडे तेच सांगत होती. बीबीसीचे बातमीदार टिम लीच शाळेत पोचले १९ तारखेला. यूएफओंच्या, म्हणजे आकाशात दिसणाऱ्या अनोळखी वस्तूंच्या, नोंदी ठेवणाऱ्या सिंथिया हिंद आल्या २० तारखेला. त्यांनी मुलांशी बोलणं केलं ते चार-सहा जणांच्या गटात, एकमेकांसमोर बसवून. मुलांकडून चित्रं काढून घेतली गेली, ही त्यातली चांगली गोष्ट. पण चित्र काढायच्या आधी मुलगा त्या विषयावर कितीदा बोलला, कुणाकुणाशी बोलला, याचा हिशेब कुणाकडे आहे?

आणखी एक. या प्रकाराच्या दोनच दिवस आधी, १४ सप्टेंबरच्या रात्री, आफ्रिका खंडाच्या दक्षिणेकडच्या त्या सगळ्या पट्ट्यात अनेक लोकांनी आकाशातून जळत जाणारे गोळे बघितले होते. ते कशाचे होते हे आता पक्कं ठाऊक आहे. रशियानं ऑगस्टअखेर कॉसमॉस २२९० हा उपग्रह सोडला होता, त्याच्या झेनिट रॉकेटचा भाग वातावरणात शिरून जळाला. पण त्या आठवड्यात लोकांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. यावरून मुलं खोटं बोलली असं मी अजिबात म्हणणार नाही. मात्र ‘आकाशातून काहीतरी आलंय’ हे डोक्यात घेऊनच ती मैदानावर उतरली असणार, आणि हे सोडून पुढचं काही बोलताच येत नाही.

नोव्हेंबरात अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचे मानसोपचारतज्ज्ञ जॉन मॅक आले. साधा माणूस नव्हे, पुस्तकासाठी १९७७ चं पुलित्झर हे मोठं अमेरिकी पारितोषिक मिळालेला. त्यांची रेकॉर्डिंग मी परत परत पाहिली आहेत. मुलांना ते फार मायेनं विचारतात, एकदाही हसत नाहीत, उलटतपासणी घेत नाहीत. हे मला मनापासून आवडलं. पण मधे दोन महिने गेले होते. ‘तुम्ही पृथ्वीची नासाडी करताय, असं त्या डोळ्यांनी आम्हाला सांगितलं’ हा जो भाग सगळीकडे फिरतो, तो ठळकपणे पुढे आला तो मॅक यांच्या मुलाखतींतून. लहान मूल समोरच्या मोठ्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देतं. पहिली-दुसरीला शिकवलेल्या कुठल्याही बाईंना विचारा. ‘तुला काय वाटलं?’ आणि ‘त्याला काय सांगायचं होतं, असं तुला वाटलं?’ हे दोन प्रश्न मुलाला दोन वेगळ्या ठिकाणी घेऊन जातात.

आमच्याकडचं एक सांगते. भीमगड अभयारण्याचा हा भाग, अस्वल ही इथं खरी भीती आहे, माणसं जखमी झालेली आहेत. पावसाळ्यात एकदा मधल्या सुट्टीत पोरं ओरडत आली, “बाई, अस्वल! वड्याकडं अस्वल!” आमच्या शाळेतले एक जुने गुरुजी आहेत, त्यांनी कुणालाही एक शब्द बोलू दिला नाही. बघितलेल्या सगळ्यांना वेगवेगळ्या वर्गांत लांब लांब बसवलं, प्रत्येकाला वहीचं पान दिलं, “काय बघितलंस ते काढ, कुठं उभा होतास तेही काढ.” मी ती पानं गोळा केली. बहुतेकांनी काळा गोळा आणि चार पाय काढले होते. दोघांनी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘मी बघितलं नाही, आरडाओरडा ऐकून पळालो.’ आणि तिसरीतल्या एका मुलीनं घोंगड्याची खोळ घेतलेला माणूस काढला, हातात काठीसुद्धा. घोळक्यात ही मुलगी गप्प होती. पान दिलं नसतं तर तीही चार पायच काढती. वनखात्याचा गार्ड येऊन बघून गेला. त्या वेळी तिथून एक गवळी म्हैस शोधत गेला होता हे खरं निघालं, आणि त्या उतरणीला अस्वल येतं हेही खरंच. ते नक्की काय होतं हे आजही छातीठोक सांगता येत नाही. पण कुणी काय बघितलं, कुठून बघितलं, कुणी नुसतं ऐकलं, हे आमच्याकडे त्याच दुपारचं कागदावर आहे.

रुवामध्ये एवढं झालं असतं तर?

आकाशातल्या गोष्टींचा छडा लागतो, अट एवढीच की काहीतरी हाताला लागावं. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भात लोकांनी जळते लोळ बघितले, उल्का म्हणा, विमान म्हणा, काय काय बोललं गेलं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीत भलीमोठी धातूची कडी पडली, आणि हा चिनी रॉकेटचा अवशेष असावा असा निष्कर्ष निघाला. आपल्याकडे उसाच्या फडाकडेला उभं राहून लोकांनी ओळीत सरकणारे दिवे बघितलेत, ते इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे उपग्रह हे आता शाळकरी पोरंही सांगतात. रुवात मात्र हाताला लागेल असं काहीच राहिलं नाही. पुरावा म्हणून उरली ती मुलंच. म्हणजे त्यांना जपून, वेळेवर, एकेकट्यानं विचारणं हाच तिथला पंचनामा होता, आणि तोच झाला नाही.

माझं मत विचाराल तर तिथं यान उतरलं असं मला वाटत नाही. पण ‘सामूहिक भास’ म्हणून फाइल बंद करणाऱ्यांचंही मला पटत नाही. कुणी म्हणतं बाहुल्यांचा खेळ करणारे लोक असतील, कुणी म्हणतं वाऱ्याची वावटळ. त्या वेळच्या एका विद्यार्थ्यानं अलीकडे सांगितलं की, लांबचा चमकणारा दगड दाखवून सुरुवात आपणच केली. असेलही. मग त्या दगडाचे मोठाले डोळे कसे झाले, कितव्या मिनिटाला झाले, कुठल्या मुलापासून झाले, हे कोण सांगणार? आणि त्यांतले अनेक जण आज चाळिशीच्या आसपास आहेत, संसारात आहेत, आणि अजूनही सांगतात की आम्ही बघितलं. त्यांना थापाडे म्हणणं मला निर्दयपणाचं वाटतं. बोलताना त्यांतल्या काहींचा गळा आजही दाटून येतो. त्यांना त्या दिवशी जे काही दिसलं, त्यापेक्षा आपलं कुणी ऐकलं नाही याचं दुखणं जास्त आहे, असं मला त्यांच्याकडे बघून वाटतं.

ज्याबद्दल कुणीच बोलत नाही, ते आता सांगते. शाळेत त्या दिवशी ही ६२च मुलं नव्हती. सगळ्यांनी काही बघितलं नव्हतं. त्याच मैदानावर, त्याच सुट्टीत असून ज्यांना काही दिसलं नाही, ती मुलं कुठल्या टोकाला होती, कुठं तोंड करून उभी होती, आरडाओरडा झाल्यावर वळून बघितल्यावर त्यांना गवतात काय दिसलं? त्यांच्यासमोर कॅमेरा फारसा गेला नाही, कारण त्यांच्याकडे सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. मला मात्र आधी त्यांच्याशी बोलायला आवडलं असतं.

त्या मुलांच्या चित्रांचा पूर्ण संच कुणाच्या पाहण्यात असेल तर कृपया कळवा. नेटवर तीच ती आठ-दहा फिरतात. मूल मैदानात कुठं उभं होतं, हे एकाही चित्रात आहे का, तेवढं मला बघायचं आहे.